रक्त पातळ करायची गोळी

आमच्या गल्लीत कुणाला अटॅक आला की पुढचे आठ दिवस लसणाला गिऱ्हाईक वाढतं. मंडईतल्या मावशी मला लहानपणापासून ओळखतात, माझा आजारही त्यांना माहीत आहे. त्या पिशवीत एक गड्डा जास्तीचा टाकतात आणि बजावतात, "सकाळी अनशापोटी दोन पाकळ्या खावा की ताई. रगात पातळ ऱ्हातंय." शेजारचे काका हळदीचं पाणी पितात. सांगलीत राहून हळदीवर शंका घेणं म्हणजे गावाशी वैर घेणं, म्हणून मी त्यांच्यासमोर मान डोलावते. वरच्या मजल्यावरच्या वहिनी सासऱ्यांच्या पट्टीतली ॲस्पिरिनची बारकी गोळी रोज रात्री घेतात. त्यांना ती कुणी लिहून दिलेली नाही. "घेतलेली बरी," एवढंच त्यांचं म्हणणं. आणि हे सगळे मिळून मला विचारतात, तुला एवढ्या वर्षांची शुगर, मग तू रक्त पातळ करायची गोळी घेतेस ना?

नाही घेत. का नाही, ते जिन्यात उभं राहून सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझी शुगर टाइप वन. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते, त्यांना संपवते, आणि मग जन्मभर इन्शुलिन बाहेरून टोचून घ्यावं लागतं. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही. पण साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मला तो चौथीत झाला, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा. घरात ग्लुकोमीटर असण्याचा प्रश्नच नव्हता. आण्णा रोज सकाळी परीक्षानळीत निळं बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, त्यात माझ्या लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे. लघवीत साखर नसली की ते निळं राहायचं, मग शीळ घालत अंघोळीला जायचे. हिरवं झालं तर गप्प बसायचे. विटकरी झालं की आईकडे संशयानं बघायचे, कारण पेढा मला कोण देतं हे त्यांना ठाऊक होतं. काचेची सिरिंज आई पातेल्यात उकळायची. इन्शुलिन तेव्हा जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं यायचं, ही गोष्ट आण्णांनी आजीपासून तिच्या शेवटापर्यंत लपवली.

घरातल्या सगळ्यांचं डोकं "आज रंग कुठला" एवढ्यातच खर्च व्हायचं. मिरज हाकेच्या अंतरावर, हे आमचं भाग्य. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून लांबलांबून माणसं उपचाराला मिरजेला येतात. आम्हाला सिटी बस पुरायची. तिथल्या डॉक्टरांनी आण्णांना डोळे सांगितले, किडनी सांगितली, पायांना जखम होऊ देऊ नका म्हणून बजावलं. हृदयाचा विषय निघालाच नाही. परकर-पोलक्यातल्या पोरीच्या बापाला अटॅकबद्दल काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. अटॅक हा पन्नाशीतल्या, पोट सुटलेल्या पुरुषांचा आजार, हीच तेव्हाची समजूत होती.

ती समजूत मोडली मोठमोठ्या नोंदींनी. स्वीडनमध्ये मधुमेहींची राष्ट्रीय नोंदवही आहे. तिच्यातल्या सत्तावीस हजारांवर टाइप वन रुग्णांचा हिशोब २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार झाला, त्यांच्यात स्त्रियांचं आयुष्य सरासरी १७.७ वर्षांनी कमी झालेलं दिसलं आणि पुरुषांचं १४.२ वर्षांनी. यात मोठा वाटा हृदय आणि रक्तवाहिन्यांचा. मी हे वाचलं तेव्हा ऑफिसातून घरी येऊन भाकरी थापली, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं. सरासरी म्हणजे माझी कुंडली नव्हे, हे कळायला मला ते दुसरं वाचन लागलं. शिवाय ही माणसं जुन्या काळात, जुन्या साधनांवर वाढलेली. पण हे आकडे पाहिल्यावर नुसत्या रोजच्या शुगरकडे बघत बसणं मला जमेना.

माझ्या दादाची तासगावकडे द्राक्षबाग आहे. त्याला मी हे सांगितलं तर तो सरळ म्हणाला, "ठिबकच्या नळीत क्षार साचले की आम्ही ॲसिड सोडतो. तुझ्या नळ्यांत काय सोडतात?" बहुतेकांच्या डोक्यात हेच चित्र असतं. नळी आतून गंजते, कचरा साचतो, एक दिवस बंद पडते. मग पातळ पाणी सोडा, म्हणजे अडकणार नाही. लसूण, हळद, गोळी, सगळ्यांमागचा विचार हाच.

पण धमनीतला अडथळा पोकळीत साचत नाही, तो भिंतीच्या आत तयार होतो. रक्तवाहिनीला आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. हे अस्तर निरोगी असलं तर ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, वाहिनी सैल ठेवतं आणि कुणाला चिकटू देत नाही. वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली, की या अस्तराचं काम बिघडतं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरतं, त्याच्यामागून पांढऱ्या पेशी शिरतात, आणि भिंतीत मऊ, चरबीचं गळू तयार होतं. त्याच्यावर पातळ पापुद्रा असतो. माणूस चालतोय, बोलतोय, काही कळत नाही. एखाद्या दिवशी तो पापुद्रा फाटतो. रक्तातल्या प्लेटलेट्सना वाटतं जखम झाली, आणि विळीवर बोट कापल्यावर करतात तेच त्या इथं करतात, धावत येऊन एकमेकींना बिलगतात. वर फायब्रिनच्या चिवट धाग्यांचं जाळं विणलं जातं. बोटावर या कामानं जीव वाचतो. हृदयाच्या धमनीत तेच काम काही मिनिटांत वाट बंद करून टाकतं.

मधुमेहात या कामाला जास्तीचं बळ मिळतं. प्लेटलेट्स चिडक्या होतात, थोड्या कारणानं चिकटतात. फायब्रिनचं जाळं जास्त दाट विणलं जातं, आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची जी व्यवस्था आहे, ती त्या दाट जाळ्यापुढं कमी पडते. शुगर एकदम खाली गेली तरी ॲड्रेनलिन उसळतं आणि प्लेटलेट्स जाग्या होतात. म्हणजे चढी शुगर वाईट, आणि ती उतरवायच्या नादात आलेली लोसुद्धा चांगली नाही.

दादानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पाण्यात दोष नाही, नळीच खराब होतीय," तो म्हणाला. माझ्या आजवरच्या कुठल्याही डॉक्टरांपेक्षा त्यानं ते कमी शब्दांत बसवलं.

आता ॲस्पिरिन. ही गोळी रक्त पातळ करत नाही. ती प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही आणि तिच्या उरलेल्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात निरुपद्रवी होऊन फिरत राहते. ॲस्पिरिन काम कसं करते याची मूळ गोष्ट जॉन व्हेन यांनी उलगडली, त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. एवढी सुंदर युक्ती म्हटल्यावर ज्याला त्याला ती द्यावी असं वाटणारच. एक काळ होता, डॉक्टरसुद्धा चाळिशीपुढच्या मधुमेह्यांना ती सरसकट लिहायचे.

मग ब्रिटनमध्ये 'असेंड' नावाची चाचणी झाली. मधुमेह आहे पण हृदयविकार अजून झालेला नाही, असे १५,४८० लोक. निम्म्यांना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि सरासरी सात वर्षांवर पाठपुरावा. निकाल २०१८ मध्ये आला. अटॅक, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग बिनऔषधाच्या गटात ९.६ टक्के लोकांना आले, ॲस्पिरिनच्या गटात ८.५ टक्के. मोठा रक्तस्राव मात्र ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला, त्यातला बराचसा पोटाचा. हजार माणसं धरली तर अकरा जणांचा एक अनर्थ टळला आणि नऊ जणांवर दुसरा ओढवला. मी बँकेत काम करते. असा व्यवहार समोर आला तर मी सही करण्याआधी साहेबांकडे पाठवीन. शिवाय त्या चाचणीतले बहुतेक लोक टाइप टूचे होते. माझ्यासारख्यांचा त्यात नुसता शिंतोडा होता. त्यामुळे आता ही गोळी प्रत्येकाला नाही, माणूस बघून, पोटाचा आणि रक्तस्रावाचा इतिहास विचारून दिली जाते.

इथं एक गोष्ट ठणकावून सांगते. ज्यांना अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय, बायपास झालीय, त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा. त्यांच्यासाठी ॲस्पिरिन आणि जोडीची गोळी हे कवच आहे, ते आपल्या मनानं एक दिवसही उतरवायचं नाही. माझं वाचून कुणी स्टेंटवाल्यानं गोळी सोडली तर मी त्याच्या घरी येऊन भांडेन.

मग नळी खराब होऊ नये म्हणून काय? याचं उत्तर १९८३ साली सुरू झालेल्या एका अभ्यासात आहे आणि त्याच्याशी माझं जरा भावनिक भांडण आहे. अमेरिका आणि कॅनडातले १,४४१ टाइप वन रुग्ण. अर्ध्यांना तेव्हाची नेहमीची पद्धत, दिवसाला एक-दोन इंजेक्शनं. अर्ध्यांना तीन-चार इंजेक्शनं किंवा पंप, आणि वारंवार तपासणी. पहिल्या गटाची शुगरची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, नऊच्या आसपास राहिली, दुसऱ्याची सातच्या आसपास. १९९३ मध्ये अभ्यास थांबला, सगळ्यांना चांगली पद्धत शिकवली आणि लोक घरी गेले. पुढं दोन्ही गटांची सरासरी एकमेकींजवळ, आठच्या आसपास आली. तरीही २००५ मध्ये मोजलं तेव्हा आधी नीट सांभाळलेल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांचे प्रसंग ४२ टक्क्यांनी कमी होते. सरासरी साडेसहा वर्षांची ती कमाई शरीरानं पुढं कित्येक वर्षं जपून ठेवली होती.

चांगल्या दिवसांची आठवण शरीर ठेवतं, तशी वाईट दिवसांचीही ठेवतं. माझी विटकरी सकाळींची वर्षं नेमकी तीच. तिकडं लोक दिवसाला चार वेळा बोट टोचून बघत होते आणि इकडं आण्णा दिव्यावर नळी धरून उभे होते. त्यांच्या हातात जे होतं ते त्यांनी इमानानं केलं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आज पलूस, विटा, जतकडच्या पोरांच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर चिकटलेला दिसला की मला हेवाही वाटतो आणि बरंही वाटतं. त्यांच्या आईबापांना मी एवढंच सांगते की आत्ताची वर्षं मोलाची आहेत. आणि लगेच सांगते की म्हणून पोराच्या पाठीस लागू नका, कारण त्याच अभ्यासात कडक शुगर ठेवणाऱ्यांना गंभीर लो तिपटीनं जास्त आल्या होत्या.

शुगरच्या पलीकडं जे आहे ते ऐकायला कंटाळवाणं आहे, आणि काम तेच करतं. ब्लडप्रेशर १३०/८० च्या आत. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रथिन. ही तपासणी लोक किडनीची समजतात, पण ती साऱ्या रक्तवाहिन्यांची खबर देते, कारण किडनीतल्या बारीक वाहिन्या गळायला लागल्या तर बाकीच्या ठिकाणीही तेच चाललेलं असतं. फिनलंडमधल्या मोठ्या पाहणीत टाइप वन असूनही ज्यांच्या लघवीत अल्ब्युमिन नव्हतं, त्यांचं मृत्यूचं प्रमाण सर्वसामान्यांच्या जवळपास निघालं. मी ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी दुपारी माझा जुना रिपोर्ट शोधत सगळं कपाट उपसलं. थायरॉइडही बघावं लागतं. आपल्यावर उलटलेली प्रतिकारशक्ती एका ग्रंथीवर थांबेलच असं नाही, आणि थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतं. अशा वेळी कोलेस्टेरॉलच्या गोळीआधी थायरॉइडची गोळी लागते.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत टाइप वनची माणसं फसतात. आमचा रिपोर्ट दिसायला देखणा असतो. इन्शुलिन नीट चालू असलं की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, कमी येतात, चांगलं म्हणतात ते एचडीएल भरपूर येतं. लॅबमधला मुलगा मला दर वेळी म्हणायचा, "मॅडम, तुमचं एकदम झकास." पण आमच्यात ते चांगलं कोलेस्टेरॉल इतरांसारखं राखण करेलच असा भरवसा नसतो. चाळिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायची गोळी, लिहिली तेव्हा मी तो झकास रिपोर्ट त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "हे ठेवा फाइलला. गोळी चालू करा."

मी केली, पण आधी वाचून. जपानमधल्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरश्या चाळून १९७३ च्या सुमारास एका पेनिसिलियम बुरशीतून हे औषध पहिल्यांदा शोधलं. पुढं १४ चाचण्यांतल्या १८,६८६ मधुमेहींचा एकत्र हिशोब २००८ मध्ये निघाला. एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमनं उतरलं की मोठे प्रसंग सुमारे एक पंचमांशानं कमी होतात, आणि त्यात टाइप वनचे जे १,४६६ होते, त्यांच्यातही कल तसाच होता. स्टॅटिन चरबी उतरवतेच, शिवाय भिंतीतल्या त्या गळवाचा पापुद्रा घट्ट करते. लोक ज्या गोळीला घाबरतात ती ही, आणि ज्या गोळीच्या प्रेमात असतात ती ॲस्पिरिन. माझ्या मते आपल्याकडं हे नेमकं उलटं झालंय. तरुण मुलींसाठी एक सूचना मात्र हवी. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण स्टॅटिन आणि बीपी-किडनीच्या काही गोळ्या त्या काळात बंद कराव्या लागतात.

मुलींचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबते. बाईचं हृदय पाळी असेतो सुरक्षित असतं, असं म्हणतात. टाइप वनमध्ये हे संरक्षण बरंचसं ओसरतं. २०१५ मधल्या एका एकत्रित अभ्यासात टाइप वनमुळं हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराचा जो जादा धोका येतो, तो बायकांत पुरुषांच्या दुप्पट निघाला. आणि त्यात आमच्याकडं गौरी येतात, घरभरणी येते, आषाढी येते. पालखी लोणंद-फलटणला पोहोचायच्या आधी औषधाच्या दुकानांत पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागणाऱ्या बायका वाढतात. चिठ्ठी कुणी मागत नाही. पाळीच्या तारखेला हळदीकुंकू आलं की सासू सुनेला, नणंद भावजयीला पट्टी आणून देते, बारीकसारीक डोकेदुखीच्या गोळीसारखी.

ही गोळी बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असते, पाच मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. नावाला ती प्रोजेस्टेरॉनच्या कुळातली, पण एवढ्या मात्रेत तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. इस्ट्रोजेनमुळं लिव्हर रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं. धडधाकट पोरीला चार दिवसांत बहुधा काही होत नाही. पण जिला आधी गुठळी झालीय, जिच्या घराण्यात तो इतिहास आहे, जिचं वजन किंवा बीपी जास्त आहे, जिचा मधुमेह जुना आहे आणि किडनी-डोळ्यांवर आलाय, तिनं ती विचारल्याशिवाय घेऊ नये. कुटुंबनियोजनाच्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांचंही तेच. मधुमेहाला वीस वर्षं झाली असतील किंवा गुंतागुंत असेल, तर डॉक्टर सहसा दुसरा उपाय सुचवतात. असली कुठलीही गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, तर हळदीचा लेप लावत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आमच्याकडं हा प्रश्न एका गौरीला निघाला होता. मी तिशीत होते, मधुमेह जुना झाला होता, आणि माझ्या चुलत जावेनं गोळी हातावर ठेवली. आई तेव्हा आमच्याकडंच आली होती. तिनं गोळी उचलून खिडकीतून फेकली. "गौरी माहेरवाशीण हाय. तिला बाईचं दुखणं कळत न्हाई व्हय? देवाला काय सांगायचं ते मी सांगते," म्हणाली. तिला इस्ट्रोजेन ठाऊक नव्हतं. माझ्या इंजेक्शनांत आणखी एका औषधाची भर नको, एवढंच तिचं गणित. त्या वर्षी गौरी जेवल्या, मी वाढलं नाही, आणि जावेनं पुढचा महिनाभर माझ्याशी तुटक बोलून घेतलं.

हीच आई दिवसातून तीन वेळा मिश्री लावायची. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या निम्म्याशिम्म्या बायकांच्या पदराच्या गाठीला डबी असतेच. ती भाजलेली तंबाखू आहे, दात घासायची पूड नाही, हे तिला पटवता पटवता मी हरले. हिरडीतून गेलेलं निकोटिनसुद्धा हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवतं. सिगारेट ओढणाऱ्या टाइप वन पोरांना मी रागावते, मिश्री लावणाऱ्या पोरींना रागावणारं कुणी नसतं, कारण त्यांना स्वतःलाच आपण तंबाखू घेतोय असं वाटत नाही.

आजारपणातली एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात सांगायला हवी. पोराला ताप आला, उलट्या झाल्या, की आजी म्हणते, "जेवलं न्हाई, तर इंजक्शन कशाला?" एकादशीच्या, नवरात्राच्या उपासालाही हेच. बेसल इन्शुलिन, म्हणजे दिवसभराचं पायाभूत, जेवणाशी बांधलेलं नाही. ते बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात आम्ल साचतं, लघवीवाटे पाणी निघून जातं आणि रक्त खरोखरच घट्ट होतं. या किटोॲसिडोसिसमध्ये गुठळीचा धोका वाढतो. मुलांमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी झाल्याच्याही नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवायचा शब्दशः उपाय कुठं असेल तर तो इथं आहे, इन्शुलिन चालू ठेवायचं, मात्रा डॉक्टरांना विचारायची आणि पाणी पीत राहायचं.

राहिला घाम. दरदरून घाम, छातीत धडधड, हात थरथरणं ही आमची रोजची ओळखीची मंडळी. शुगर लो झाली, की हेच होतं. ऑफिसात माझ्या चेहऱ्यावर घाम दिसला की शिपाई न सांगता साखरेचं पाणी आणतो. तासगावचा बेदाणा ड्रॉवरमध्ये असतो, पण घाईत विरघळलेली साखरच बरी. आता गोम अशी की अटॅकमध्येही असाच घाम येतो. आणि जुन्या मधुमेहात नसा बधिर झाल्यावर छातीत ते प्रसिद्ध दुखणं येईलच याची खात्री नसते. नुसती धाप लागते, मळमळतं, जबडा जड वाटतो, विलक्षण थकवा येतो. आपण गॅस म्हणतो, ओवा खातो, आडवे होतो.

म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. घाम आला की आधी बोट टोचून आकडा बघायचा. आकडा खाली असेल तर साखर. आकडा ठीक असेल आणि घाम, धाप, अस्वस्थपणा तसाच असेल, तर साखरेचा प्रश्नच उरत नाही, सरळ ईसीजी. आकडा खाली होता, साखर खाल्ली, तो वर आला आणि तरी बरं वाटेना, तरीही ईसीजी. एकदा मी अशी मार्चच्या धामधुमीत काउंटर सोडून उठले आणि रिक्षानं दवाखान्यात गेले. ईसीजी चांगला निघाला, रक्ताची तपासणी चांगली निघाली, ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरांनी "टेन्शन घेता का?" असं विचारलं. साहेब दोन दिवस हसत होते. पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन, हसा म्हणावं.

आमच्या गावात चालायला आमराई आहे, तिथं पहाटे निम्मी सांगली फेऱ्या मारत असते. मी जेवणानंतर चालते, कारण तेव्हा शुगर चढायच्या बेतात असते. काउंटरवरच्या खुर्चीतून तासातासाला उठून बाटली भरायला जाते. याचं काही कौतुक नाही. सलग बसणाऱ्या प्रत्येकाच्या पायातलं रक्त रेंगाळतं, शुगर असो-नसो.

गेल्या भेटीत मी मिरजेच्या डॉक्टरांना विचारलंच, "मग मला ॲस्पिरिन कधी?" ते म्हणाले, "कदाचित कधीच नाही. कदाचित पुढच्या महिन्यात." हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम किती साचलंय ते दाखवणारा एक साधा सीटी स्कॅन असतो, त्यात सुई नाही, डाय नाही. आकडा शून्य आला तर ॲस्पिरिनचा विषय बाजूला ठेवायचा, मोठा आला तर फायदा-तोट्याचा काटा हलतो आणि पुन्हा बसून बोलायचं. स्टॅटिन दोन्ही परिस्थितीत चालूच. दादा म्हणतोय, द्राक्षाचा माल निघाला की मी येतो सोबत. माल निघायला मार्च उजाडणार आणि मार्चमध्ये बँकेत मला मान वर करायला फुरसत नसते. मी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारची वेळ घेतली आहे, तेव्हा बँकेला सुट्टी असते.